शिरसावंद्य राहील

अंकाच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "चाचा, गमतीजमती लिहा. कचेरीसमोर इतकी वर्षं काढलीत, काय काय नमुने पाहिले असतील!" पाहिलेत की. नमुन्यांना आपल्याकडे तोटा नाही. पण आधीच सांगून ठेवतो, ज्या गोष्टीनं मी हादरलो आणि अजून सावरलेलो नाही, तीच लिहितोय. आणि तिच्यातला सगळ्यात मोठा नमुना मी स्वतः आहे.

मी अर्जनवीस. म्हणजे तहसील कचेरीच्या कंपाउंडला पाठ लावून, पत्र्याची टपरी टाकून, लोकांच्या वतीनं सरकारला लिहिणारा माणूस. जिल्हा नंदुरबार, तालुका सांगत नाही, ज्यांना कळायचा त्यांना कळेल. आधी अब्बा याच जागेवर बसायचे, टाक आणि दौत घेऊन. मी पेनानं सुरुवात केली, मग टाइपरायटर आला, आता संगणक आहे. घरात आम्ही आमची हिंदी बोलतो, बाजारात अहिराणी, आणि पोट मात्र कचेरीच्या मराठीवर भरलं. "वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की" हे मी तापात बरळतानासुद्धा बरोबर म्हणेन. रज्जाकचाचाचा अर्ज खिडकीवरून परत येत नाही, असं लोक म्हणायचे. मलाही ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

बाहेरच्याला वाटतं यात काय मोठंसं, सांगितलं ते लिहायचं. अहो, सांगितलं ते लिहिलं तर कोणाचं काम होईल? माणूस येतो तो भांडण घेऊन येतो. आजोबांपासून सुरुवात करतो, भावजयीच्या माहेरावर घसरतो, आणि अर्ध्या तासानं कळतं की त्याला फक्त सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त करायचंय. त्यातून अर्ज उपसून काढायचा. मग तो मोठ्यानं वाचून दाखवायचा, खाली "वाचून दाखविले, कबूल व बरोबर आहे" असं लिहायचं, आणि मग सही किंवा अंगठा. वाचून दाखवणं हे आमच्या धंद्याचं इमान. अब्बा त्यात कधी कसूर करत नसत.

मी करायचो. आता कबूल करतो. शेवटची एक ओळ मी गिळायचो. कारण ती प्रत्येक अर्जाला तीच असायची: "आपण द्याल तो निर्णय आम्हांस शिरसावंद्य राहील." ओळ अब्बांची. ते म्हणायचे, "अर्जी का आखर नरम रखने का, बेटा. साहब लोगां आखरी लाइन पढके सही करते." मुसलमानाच्या पोरानं "शिरसावंद्य" असा भारदस्त शब्द एकटाकी लिहावा, याचा अब्बांना फार अभिमान. मलाही होता. संगणक घेतला तेव्हा पहिल्याच दिवशी ती ओळ मी नमुन्यात टाकून ठेवली. अर्ज कुठलाही काढा, ती खाली तयारच असायची.

आता वॉर्डांचं सांगतो. ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली की आधी गावाचे वॉर्ड पाडतात. कुठली घरं एका वॉर्डात, कुठली दुसऱ्यात, याचा कच्चा नकाशा चावडीवर लागतो. कोणाला पटला नाही तर ठरलेल्या मुदतीत हरकत द्यायची, प्रांतसाहेबांपुढे सुनावणी होते, मग नकाशा पक्का. त्या दिवसांत माझ्या टपरीवर बसायला जागा नसायची. एकदा कोरीटकडचा एक शेतकरी आला. त्याचं घर सख्ख्या भावाच्या वॉर्डात टाकलं होतं. "चाचा, लिखा," म्हणाला, "भाऊना वॉर्डमा मले जगनं बी नही आनि मरनं बी नही." मी लिहिलं, "भौगोलिक सलगता विचारात घेतलेली दिसून येत नाही." एक निवृत्त गृहस्थ तर तालुक्यातल्या झाडून सगळ्या गावांच्या नकाशांवर हरकती घ्यायचे. सुनावणीत साहेबांनी त्यांना विचारलं, "काका, यातल्या कुठल्या वॉर्डात तुमचं मत आहे?" काका म्हणाले, "कुठल्याच नाही, मी जनतेच्या वतीनं आलोय." साहेब म्हणाले, "मग जनतेला पाठवा." काका फणफणत बाहेर आले आणि आम्ही टपरीत पोट धरून हसलो. "तुम्ही कोण?" हा प्रश्न इतका धारदार असतो, हे तेव्हा मला कळलं नव्हतं.

एका सकाळी भास्करदादा आला, मागे वीस-पंचवीस माणसं. तापीच्या पट्ट्यातल्या एका केळीच्या गावात नाल्यापलीकडे मजुरांची वस्ती आहे, तिथला हा ग्रामपंचायत सदस्य. बोलायला गोड, कोणाचंही काम असो, हा पुढे. नव्या नकाशानं त्यांची वस्ती मधोमध चिरली होती. लाल स्केचपेनची रेघ नाल्यावरून यायची ती वस्तीच्या गल्लीतून ओढलेली. अर्धी घरं एका वॉर्डात, अर्धी दुसऱ्यात. नकाशा करणाऱ्यांचं म्हणणं, लोकसंख्येचं गणित जुळत नव्हतं. जुळत नसेलही. पण वस्ती अख्खी एका वॉर्डात असली तर तिचा एक माणूस निवडून येतो. चिरली की दोन्हीकडे मूठभर मतं उरतात आणि एकही येत नाही. वस्त्या तोडू नयेत, नाला-रस्ता बघून हद्द धरावी, असं नियमातच आहे. म्हणजे हरकत सोन्यासारखी होती.

त्यांना सदस्य कशाला हवा, हे त्या घोळक्यातल्या इंदूबाईनं सांगितलं. पन्नाशीला टेकलेली, केळीच्या बागेत मजुरी करणारी विधवा बाई. गावाचं स्मशान नाल्याच्या अलीकडे. तिचा सासरा वारला त्या दिवशी नाला भरून वाहत होता, प्रेत दिवसभर पलीकडेच अडकलं. "याळभर मढं काठवर ठेवं, चाचा," ती म्हणाली. "गाव समोर दिखाये. कोनीच काही करू शकनं नही." त्यानंतर भास्करदादानं ग्रामपंचायतीत भांडून नाल्यावर फरशी बांधायचा ठराव मंजूर करून घेतला होता. फरशी म्हणजे पाण्यात पाय न घालता पलीकडे जाता येईल असा ठेंगणा पूल. तो ठरावही एका मताच्या फरकानं. भास्करदादा गेला की ठराव कागदावर राहणार, हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

मी जीव ओतून हरकत लिहिली. दोन पानं. मग वाचायला घेतली. सगळे माना डोलवत होते. शेवटी नेहमीप्रमाणे ती ओळ पुटपुटलो आणि शाईचं पॅड पुढे सरकवलं. इंदूबाईनं अंगठा पॅडवर टेकवला आणि तिथंच थांबली.

"चाचा, शेवटलं काय व्हतं? परत वाची दाखाडा."

मी वाचलं.

"शिरसावंद्य म्हंजे?"

"म्हंजे डोकावर घेसूत. मान्य करसूत."

"काय मान्य करसूत?"

"साहेब जो निर्णय देतीन तो."

"आनि साहेबनी वस्ती तोडानंच ठरावं ते?"

माझं डोकंच फिरलं. दुपार होत आलेली, मागे आणखी दहा गिऱ्हाइकं ताटकळलेली, आणि ही बाई मला अर्ज शिकवणार! "ओ बाई," मी म्हणालो, "ही लिखानी रीत शे. 'आपला विश्वासू' असं लिखतस, ते काय कोनी विश्वास ठेवस का? मी काय आठे काल येईसन बठेल नही."

"मान्यच शे, मंग हरकत कसाले लिखतस?" ती शांतपणे म्हणाली.

"इंदूवहिनी, चाचाले समजस," भास्करदादा मध्ये पडला. "उशीर व्हई ऱ्हायना."

शाईचा अंगठा तिनं माझ्या टपरीच्या पत्र्यावर पुसला आणि निघून गेली. बाकीच्यांनी एकेक करून अंगठे उठवले, सह्या केल्या. अडाणी बाई, म्हणून मी मागच्या गिऱ्हाइकांकडे बघून हसलोसुद्धा.

हरकत फेटाळली गेली. नकाशा पक्का झाला. वस्तीनं हाय खाल्ली नाही, हायकोर्टात जायचं ठरवलं. आपल्या जिल्ह्यातलीच एक तरुण वकीलताई खंडपीठात काम करते, तिनं हौसेनं प्रकरण घेतलं. तिनं आधीच बजावलं होतं, "घाई करा. एकदा निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाला की कोर्ट या भानगडीत हात घालत नाही. दार बंद." तारीख लागली तेव्हा भास्करदादानं मलाही सोबत घेतलं. खंडपीठाच्या शहरात वस्तीतलं कोणी कधी गेलेलं नव्हतं, आणि खरं सांगू, माझा अर्ज हायकोर्टात गेलाय म्हटल्यावर मलाही बघायचं होतं.

मागच्या बाकावर आम्ही अंग चोरून बसलो. सगळं इंग्रजीत. वकीलताई बोलत होती, न्यायमूर्ती विचारत होते, सरकारी वकील उठत-बसत होते. मला एवढंच कळत होतं की नकाशावर कोणी बोलतच नाहीये. आणि एकाएकी त्या सगळ्या इंग्रजीतून सरकारी वकिलांनी एक कागद वर धरला आणि खणखणीत मराठीत वाचलं, "आपण द्याल तो निर्णय आम्हांस शिरसावंद्य राहील."

माझी छाती फुगली. लाज वाटते सांगायला, पण क्षणभर फुगली. अब्बांची ओळ, माझी ओळ, हायकोर्टात! मी भास्करदादाला कोपरानं ढोसलं. मग मला वकीलताईचा चेहरा दिसला. ती हातातली कागदं उलटीपालटी करत होती, आणि तिचा रंग पार उडाला होता. न्यायमूर्तींनी ती ओळ दुसऱ्यांदा वाचायला लावली. मग ते शांतपणे एक वाक्य बोलले. मला इंग्रजी येत नाही, पण त्या ओळीनंच घात केलाय एवढं मला कळलं. उठून पळावं असं वाटलं.

बाहेर व्हरांड्यात वकीलताईनं सांगितलं ते सांगतो, म्हणजे माझ्यासारख्या इतर शहाण्यांना कळेल. "कोर्ट आधी नकाशा बघत नाही, चाचा. आधी माणूस बघतं. तुम्ही त्या वॉर्डाचे मतदार आहात का? मुदतीत हरकत घेतलीत का? आणि निर्णयानं तुमचं काही बिघडलंय का? एवढं असेल तर तुम्हाला दाद मागायचा हक्क. वकील त्याला लोकस म्हणतात. तो असला तरच नकाशा उघडतात. आपले सगळे अर्जदार पहिल्या दोन पायऱ्या चढले. तिसरीवर सरकारी वकील म्हणाले, यांनी तर लेखी दिलंय, जो निर्णय द्याल तो मान्य. मग यांचं बिघडलं काय? यांच्यावर अन्याय झाला कसा?"

"तू वाचली नव्हतीस ती ओळ?" मी विचारलं.

तिचे डोळे भरले. "वाचली होती. इंग्रजी भाषांतर करताना सोडून दिली. 'आपला विश्वासू'सारखी वाटली."

माझेच शब्द. इंदूबाईला मी जे ठसक्यात ऐकवलं होतं, तेच.

न्यायमूर्तींनी प्रकरण लगेच निकाली काढलं नाही, हे उपकार. ते म्हणाले होते, एवढ्या वस्तीत ज्यानं मुदतीत हरकत घेतली आणि हे असं लिहून दिलं नाही, असा एकही मतदार नाही का? वकीलताईनं पुढच्या आठवड्यापर्यंत वेळ मागून घेतला होता.

परतीच्या एसटीतून शहाद्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा भास्करदादानं मला चहा दिला आणि म्हणाला, "चाचा, मनवर लेऊ नका. अंगठा ते आमीनच दिधा." त्यानं मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी टपरी उघडली आणि पेट्या काढल्या. लिहिलेल्या प्रत्येक अर्जाची एक प्रत मी ठेवतो, अब्बांची शिस्त. रेशनकार्ड, जातीचा दाखला, शेताची मोजणी, वारसाची नोंद. प्रत्येकाच्या तळाशी तीच ओळ. माझ्याच हाताची, मग माझ्याच टाइपरायटरची, मग माझ्याच संगणकाची. एक कागद हातात आला तो मोलगीकडच्या एका म्हाताऱ्याचा. वनजमिनीच्या दाव्यासाठी जीप बदलत बदलत आला होता. दावा फेटाळला तेव्हा त्यानं अपील केलं नाही, म्हणून मीच त्याच्यावर डाफरलो होतो: गप्प का बसलास? त्याला मराठी जेमतेम यायची. मी वाचून दाखवलेलं त्याला जेवढं कळलं, त्यात ही ओळ कळली असेल का? आम्ही मान्य करू असं लिहून दिलंय, म्हणून तो शब्दाला जागला असेल का? या अल्ला, किती जणांचं तोंड मी असं बांधलं असेल! पेटी बंद केली. पुढची उघडायची हिंमत झाली नाही.

तसाच उठून कचेरीत बारनिशीकडे गेलो. बारनिशी म्हणजे येणारा-जाणारा प्रत्येक कागद जिथं वहीत चढतो ते टेबल. तिथला कारकून माझ्या ओळखीचा. म्हटलं, त्या गावाच्या हरकती दाखव, वस्तीतली आणखी कोणाची असेल तर बघू दे. आशा काहीच नव्हती. वस्तीतला प्रत्येक माणूस माझ्याकडेच आला होता. त्यानं वही काढली, बोट फिरवलं. "हा तुमचा अर्ज. आणि याच्याच खाली, दुसऱ्या दिवशीचं, एक चिटोरं आहे बघा."

"कोणाचं?"

"इंदूबाई म्हणून कोणी. स्वतः आणून दिलंय. पोच पण मागून घेतली होती बाईनं."

त्यानं फायलीतून ते काढलं. शाळेच्या वहीचं अर्धं पान. वर "महोदय" नाही, "विषय" नाही, काही नाही. पेन्सिलीनं लिहिलेल्या चार ओळी, आणि खाली अंगठा:

"मी इंदूबाई. मन्हं घर नालाना पलीकडे शे. आमनी वस्ती तोडू नका. तोडी ते मले मान्य नही."

कोपऱ्यात कचेरीचा शेरा: "अर्ज नमुन्यात नाही. दप्तरी दाखल." म्हणजे फायलीत लावला आणि विसरला. सुनावणीला तिला बोलावलंच नव्हतं.

मी ते चिटोरं दोनदा वाचलं. मी दोन पानं लिहिली होती, भौगोलिक सलगता लिहिली होती, नियमाची कलमं लिहिली होती. हायकोर्ट ज्या एका गोष्टीसाठी अडून बसलं होतं, ती या बाईनं तीन शब्दांत लिहून ठेवली होती. तीही माझ्याच टपरीवरून उठून गेल्यावर.

वस्तीत गेलो तेव्हा इंदूबाई नुकतीच बागेतून आली होती, हाताला केळीचा चीक. मी उंबऱ्याशी उभा राहिलो. ती "बठा" म्हणाली नाही.

"कागद कोनी लिखी दिधा?" मी विचारलं.

"गिरनीवालानी. दयन दयता दयता लिखं त्यानी. जसं सांगं तसं लिखं, आपलं काही घालं नही."

मग मी सगळं सांगितलं. कोर्टात काय झालं, कोणामुळे झालं. "बाई, तुनं खरं व्हतं. मी चुकनू. आते वस्तीमा तू एकलीच शे, जिले कोर्ट इचारी."

ती हाताचा चीक चोळत राहिली. "त्या दिन तुमी हासनात, चाचा," ती म्हणाली. "मी वळीसन देखं व्हतं."

"हासनू व्हतू," मी कबूल केलं. दुसरं काय करणार?

"येसू मी," शेवटी ती म्हणाली. "सासरानासाठे येसू. पन आते जे लिखशात ते मले सगळं वाची दाखाडानं. गिळानं नही."

तिच्या कागदाची नक्कल काढली, शपथपत्र तयार केलं, आणि आम्ही पुन्हा खंडपीठात गेलो. या खेपेला वकीलताईनं चार ओळींचं भाषांतर करताना एक अक्षर सोडलं नाही. सरकारी वकील म्हणाले, हा अर्ज नमुन्यात नाही. न्यायमूर्ती जे म्हणाले ते तिनं आम्हाला नंतर सांगितलं: नागरिकाला काय मान्य नाही हे इतकं स्पष्ट कळत असेल, तर नमुना आणखी कसला हवा? बाई मतदार आहे, मुदतीत आलीय, तिला ऐकलेलंच नाही. तिला ऐका आणि नव्यानं ठरवा, कार्यक्रम जाहीर होण्याच्या आत.

नव्यानं ठरलं. लाल रेघ गल्लीतून उचलून नाल्यावर गेली, वस्ती अख्खी एका वॉर्डात आली. निवडणूक अजून व्हायची आहे, फरशीही व्हायची आहे. मी ती ओळ संगणकातून काढून टाकली. आता गिऱ्हाइकं माझ्याशी भांडतात, "चाचा, शेवटची नरम ओळ राहिली की!" त्यांना समजावता समजावता घसा कोरडा पडतो.

पण मला सांगायचंय ते त्या दुसऱ्या सुनावणीतलं. नवे साहेब, तरुण, वागायला सभ्य. त्यांनी इंदूबाईला खुर्ची दिली, नकाशा समोर पसरला, नाला कुठं, गल्ली कुठं, स्मशान कुठं, सगळं तिच्या बोटानं दाखवून घेतलं. भिंतीला लागून आम्ही सगळे उभे. तासभर झाल्यावर साहेबांनी पेनाचं टोपण लावलं आणि सगळेच साहेब विचारतात तसं हसून विचारलं, "बरं बाई, आता आम्ही जो निर्णय देऊ तो मान्य राहील ना?"

शेजारी भास्करदादाची मान सवयीनं हलायला लागली होती, मी त्याचा दंड गच्च धरला.

इंदूबाईनं पदर सारखा केला. "आधी निर्णय ते दाखाडा, साहेब," ती म्हणाली, "मंग सांगसू."

साहेबांनी टोपण पुन्हा काढलं आणि तिचं उत्तर जसंच्या तसं इतिवृत्तात लिहिलं. कागद तिच्यापुढे सरकवला, शिपायानं शाईचं पॅड ठेवलं. तिनं पॅडला हात लावला नाही. ती मागे वळली आणि भिंतीला लागून उभ्या असलेल्या मला शोधून म्हणाली, "चाचा, वाची दाखाडा."

मी पुढे झालो. चष्मा पुसला, कागद हातात घेतला. भर सुनावणीत माझे डोळे गळायला लागले, ते कोणापासून लपवताही येईना. पण वाचून दाखवलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या ओळीपर्यंत, काहीही न गिळता. मग तिनं अंगठा दिला.